इंजिनावर तांदळाचं पीठ

मामंजी, काल दुपारी जेवताना एक एवढीशी गोष्ट घडली आणि तेव्हापासून तुम्ही माझ्या डोक्यातून हलायला तयार नाही. ती गोष्ट मी शेवटी सांगेन, कारण तिला हात घालायला अजून धीर होत नाहीये. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुम्ही गेलात तेव्हा रांगणारा माझा मुलगा आता केसांना कलप लावतो आणि लावत नाही असं सांगतो. आम्ही दोघं हल्ली त्याच्याचकडे असतो, इथे बहरीनमध्येच, बुदैयाच्या रस्त्याला. होय, त्याच रस्त्याला, जिथे तुम्ही मला गाडी शिकवलीत. खजुराच्या बागा बऱ्याचशा गेल्या, बंगले आले, रस्ता एवढा रुंद झाला की पलीकडे जायचं तर गाडीच काढावी लागते. पण भाजीच्या मळ्यांचा ओला वास अजून मधेच कुठून तरी येतो, आणि तो आला की माझा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधतो. तुमचा आवाज येतो, "अगो, हळू. उधळलेल्या म्हशीमागे नाय चाललो आपण."

मी लग्न होऊन अदलियातल्या त्या बसक्या घरात आले तेव्हा तुम्हाला बहरीनमध्ये येऊन बरीच वर्षं झाली होती. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या. घरात तुम्ही, तुमचा मुलगा आणि दिवसरात्र खडखडणारा एक एसी. तुम्ही कंपनीच्या वर्कशॉपमध्ये, मजुरांच्या बसगाड्या दुरुस्त करायच्या कामावर. सकाळी निघताना पांढरा सदरा, संध्याकाळी परत येताना तोच सदरा पांढरा. मला आधी वाटायचं, हे नुसते हुकूम सोडत असतील. मग एकदा डबा द्यायला वर्कशॉपमध्ये आले आणि पाहिलं तर तुम्ही बसच्या पोटाखाली झोपलेले, कोपरापर्यंत काळे, आणि सदरा बाहेर खिळ्याला टांगलेला. कामाच्या जागी उघडं अंग आणि घरी परीटघडी, हा तुमचा रिवाज. माझ्या माहेरी बरोबर उलटं होतं, म्हणून मला त्याची गंमत वाटायची.

घरची गाडी म्हणजे ती पांढरी जपानी गाडी. तुम्ही ती कुणाकडून तरी पडेल अवस्थेत घेतली होती आणि तिला मुलीसारखं वाढवलं होतं. रोज सकाळी चहाच्या आधी तुम्ही अंगणात जाऊन गाडीखाली पसरलेला पेपर ओढून काढायचे, उलटसुलट बघायचे आणि घडी करून मला आणून द्यायचे. पेपर स्वच्छ असला की त्यावर मी भाजी निवडायची. "माझ्या हाताखालून गेलेलं इंजिन गळत नाय," हे वाक्य तुम्ही इतक्यांदा म्हणायचे, की तुमच्या मुलाला आंघोळ करताना त्याची नक्कल करायची सवय लागली होती. तुम्हाला ते ऐकू यायचं. त्या दिवशी त्यांच्या चहात साखर कमी असायची, कारण चहा तुम्ही करायचे. तुमच्या स्वतःच्या कपात मात्र चमच्यावर चमचे साखर. मधुमेह आहे, साखर नको, असं डॉक्टरने सांगितलेलं तुम्ही आमच्यापासून दडवलं होतं, हे आम्हाला फार पुढे कळलं.

आपलं पहिलं भांडण माझ्या उलथन्यावरून झालं. माहेरून आणलेलं, आईच्या हातचं, पातळ पात्याचं उलथनं. त्यावर घावन कसं अलगद सुटायचं! एके दिवशी ते सापडेना. सगळं स्वयंपाकघर उपसलं, आणि संध्याकाळी ते तुमच्या हत्यारांच्या पेटीत निघालं, कड घासून धार लावलेलं. इंजिनावर चिकटलेलं जुनं पॅकिंग खरवडायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, असं तुम्ही अगदी शांतपणे सांगितलंत, जणू मी तुमचे आभारच मानायला हवेत. सून म्हणून मी तुमच्यासमोर मान वर करून बोलत नव्हते तोवर. त्या दिवशी बोलले. इतकं बोलले की तुमचा मुलगा आतल्या खोलीत जाऊन रेडिओ मोठा करून बसला. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत, दुसऱ्या दिवशी सूकमधून, म्हणजे इथल्या बाजारातून, एक जाडजूड, भलतंच चकचकीत उलथनं आणून ओट्यावर ठेवलंत आणि म्हणालात, "आता कळलं तुला तोंड हाय ते. बरं झालं. गाडी चालवायला तोंड लागतंच." मला वाटलं टोमणा आहे. तो टोमणा नव्हता. येत्या शुक्रवारपासून तुम्ही मला शिकवणार होतात.

आता सांगते, त्या वेळी गावाकडून आलेल्या आपल्या माणसांत केवढी चर्चा झाली. सासरा सुनेला गाडी शिकवतो! मुलगा मागच्या सीटवर बसून पेपर वाचतो आणि बायको स्टीअरिंगवर! तुमच्या मुलाला गाडीचं वावडंच होतं. हिशेबात त्यांचं डोकं विजेसारखं चालायचं, पण चौक आला की हातपाय गळायचे. तेव्हा आपली माणसं मागे कुजबुजायची आणि पुढ्यात तुम्हाला "सुधारलेले हो तुम्ही" म्हणायची. तुम्ही मिशीत हसायचे. रीतसर धडे मी ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरीणबाईंकडे घेतलेच, लायसन्स त्यांच्यामुळे मिळालं. पण गाडी मला तुम्ही शिकवलीत. शुक्रवारी सकाळी बुदैयाच्या रस्त्याला, दोन्हीकडे खजुराची झाडं, समोरून एखादा गाढववाला. तुम्ही शेजारी काळा चष्मा लावून बसलेले, तोंडात पान नाही म्हणून वैतागलेले. मधेच विचारायचे, "समोर काय हाय?" मी म्हणायची, ट्रक आहे. "केवढा लांब? कुठल्या बाजूनं चाललाय? मागे काही बांधलंय काय?" मला वाटायचं, तुम्ही माझी परीक्षा घेताय. मी पोपटासारखी सगळं सांगत जायची. त्या बोलण्याची मला इतकी सवय झाली, की आजही गाडी चालवताना मी स्वतःशी पुटपुटत असते आणि नात हसते.

गाडीपाठोपाठ तुम्ही मला इंजिन शिकवलंत. का शिकवताय हे मी विचारलं नाही. मला ते आवडायला लागलं होतं, आणि आवडतंय असं कुणाला कळू द्यायचं नव्हतं. तुम्ही म्हणायचे, डोळे फसवतात, बोटाला विचार. साफ केलेल्या पत्र्यावरून बोट फिरवायचं, खडबडीत लागलं तर काम बाकी आहे. तेल गळत असेल तर ते खाली कुठे टपकतंय यावर जाऊ नकोस, वर सुरुवात कुठे आहे ते शोध. आणि ते शोधायची तुमची युक्ती: इंजिन रॉकेलने धुवायचं, कोरडं करायचं, वर टाल्कम पावडर भुरभुरवायची आणि गाडी चालू करून बघत उभं राहायचं. जिथून पावडर पहिल्यांदा काळी पडेल तिथे दुखणं. मी तुमचं ऐकत असताना तव्यावर भाकरी असायची. तुम्ही बोलता बोलता ती तव्यावरून नुसत्या हाताने उचलायचे आणि टोपलीत टाकायचे. मी हाय हाय करायची. तुमच्या चेहऱ्यावर काही नाही. मला वाटायचं, केवढे राकट हात! मी ही गोष्ट माहेरी पत्रातसुद्धा लिहिली होती, कौतुकाने.

मग तो उन्हाळा. मी तोवर एका शाळेच्या ऑफिसात टायपिंगला लागले होते. सकाळी तुम्हाला वर्कशॉपला सोडायचं, तुमच्या मुलाला त्यांच्या ऑफिसात टाकायचं आणि मग शाळा गाठायची, हा माझा फेरा. एके दिवशी पेपरवर पहिल्यांदा तेलाचा डाग दिसला. तुम्ही बॉनेट उघडलंत. टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलं होतं, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाखाली कॉर्कची जी पट्टी असते ती उन्हाने आणि तेलाने वाळून चिरली होती. अगदी किरकोळ काम. तुम्ही नवं पॅकिंग आणलंत, आणि मला हात लावू न देता, बॉनेटखाली डोकं घालून, एकट्याने ते बसवलंत. मी तेव्हा स्वयंपाकात होते. आवळायच्या वेळी मात्र मला हाक मारलीत, कारण मागचा बोल्ट सापडेना. मी पान्हा घेऊन शेवटचे दोन-तीन फिरवले. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर ओढला तर डाग आधीपेक्षा मोठा.

तुम्ही तो पेपर किती वेळ हातात धरून उभे होतात! मग घडी केलीत, पण मला दिली नाही. कचऱ्याच्या डब्यात टाकलीत. संध्याकाळी आणखी आवळून बघू म्हणालात. मी आवळलं, तुमच्या सांगण्यावरूनच आवळलं. गळती वाढली. तेल गरम पाइपावर पडून जळायला लागलं, सिग्नलला थांबलं की बॉनेटमधून धूर आणि वास. शेजारच्या गाडीतला बहरीनी म्हातारा काच खाली करून ओरडला, "खलास, खलास!" आणि तुम्ही काळ्या चष्म्याआडून समोर बघत राहिलात. तुमचा मुलगा म्हणाला, "बाबा, गॅरेजमध्ये टाकू या ना." बाहेरच्या गॅरेजात! तुमची गाडी!

शुक्रवारी नेहमीसारखी गाववाली मंडळी जेवायला आली. खोल्यांवर राहणारे ते चौघे-पाच जण, ज्यांना आठवड्यातून एकदा घरचा मासा मिळायचा. मी वाढत होते. कुणीतरी सहज विचारलं, "काय हो, अंगणात तेल कसलं सांडलंय?" तुम्ही भातात आमटी कालवत, वर न बघता म्हणालात, "हिने बोल्ट जास्त आवळले. बायकांच्या हाताला अंदाज नसतो." सगळे हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं, पण माझ्या हातातलं पळीभर सार ताटाबाहेर सांडलं. मामंजी, तुम्ही मला त्याआधी कधी टाकून बोलला नव्हता, आणि बोललात ते चारचौघांत. मी आत जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले. रडू येत होतं, पण रागच जास्त होता. आवळायला तुम्ही सांगितलंत, बोल्ट तुम्ही दाखवलात, आणि अंदाज माझ्या हाताला नाही! मी तिथेच ठरवलं की ही गळती शोधायची आणि ती माझ्यामुळे नाही हे तुमच्या समोर ठेवायचं. मला फक्त तेवढंच हवं होतं.

पुढच्या शुक्रवारी सकाळी तुम्ही आंघोळीनंतर देवापाशी बसलात. तुमची पूजा लांबायची, मला वेळ होता. मी गाडीखाली पेपर घातला, रॉकेल आणि फडकं घेऊन इंजिन चकचकीत पुसलं. टाल्कम पावडर घरात नव्हती. मी मागे वळून स्वयंपाकघरात गेले आणि भाकरीच्या डब्यातलं मूठभर तांदळाचं पीठ आणलं. चाळणीतून भुरभुरवलं. पंख्याला लागू नये म्हणून मागच्या बाजूने, हलक्या हाताने. काय देखणं दिसत होतं ते इंजिन! मग चालू केलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिले. घाम डोळ्यांत जात होता. पीठ सगळीकडे पांढरंच. बोल्टांपाशी पांढरं, मी आवळलेल्या बोल्टांपाशी तर अगदी कोरडं पांढरं. माझी छाती रागाने आणि आनंदाने एकदमच भरून आली. आणि मग पार मागच्या कोपऱ्यात, जिथे वाकल्याशिवाय नजर जात नाही, तिथलं पीठ करडं झालं, मग काळं, आणि एक बारीक ओघळ खाली निघाला.

इंजिन निवल्यावर मी झाकण उघडलं. नवं पॅकिंग उचललं. त्या कोपऱ्यात, नव्या पॅकिंगच्या खाली, जुन्याचा एक तुकडा तसाच बसला होता. नखाएवढा, भाजून दगड झालेला. त्याच्यामुळे झाकण त्या कोपऱ्यात टेकलंच नव्हतं, आणि जितकं आवळावं तितकी फट वाढत होती. म्हणजे झाकण बसवण्याआधी जागा साफ झालीच नव्हती. आणि साफ केली होती तुम्ही. मी जिंकले होते. मी बोट फिरवलं. तो तुकडा बोटाला एवढा टोचला की मी हात मागे घेतला. आणि तसाच हात हवेत धरून मी थांबले.

हा तुमच्या बोटाला लागला नाही? तुमच्या?

तिथे उभ्या उभ्या मला एकेक गोष्ट दिसायला लागली. समोर काय आहे, ट्रक केवढा लांब आहे. संध्याकाळीसुद्धा न उतरणारा काळा चष्मा. मागचा बोल्ट सापडत नाही म्हणून मारलेली हाक. तव्यावरची भाकरी, आणि तुमच्या बोटांवरचे ते डाग, जे मी तेलाचे समजत होते आणि जे चटके होते. तुम्हाला दिसत नव्हतं, आणि बोटांना कळतही नव्हतं. पण आपली गाडी मी तेव्हा विसरूनच गेले. माझ्या डोळ्यांसमोर तुमच्या वर्कशॉपमधल्या बसगाड्या आल्या. पहाटे मजुरांना घेऊन निघणाऱ्या, खिडक्यांतून झोपलेली डोकी बाहेर आलेली. त्यांचे ब्रेक तुम्ही करत होतात. माझ्या इंजिनात नखाएवढा तुकडा राहिला तर अंगणात तेल सांडलं. तिथे राहिला असता तर?

हे सांगायचं कुणी? तुमच्या मुलाला सांगितलं असतं तर त्यांनी तडक कंपनीत जाऊन साहेबाच्या कानावर घातलं असतं, आणि तुम्हाला कुणीतरी हाताला धरून घरी आणून सोडलं असतं. तुम्ही नेहमी म्हणायचे की बहरीन सोडीन ते स्वतःच्या पायांनी. आणि सुनेने सासऱ्याला सांगायचं, की तुम्हाला दिसत नाही? ते शब्द माझ्या तोंडून निघालेच नसते. उलथन्यासाठी भांडणारी मी, पण यासाठी मला तोंड नव्हतं. मी तो तुकडा उलथन्याने सोडवला, तुमच्याच त्या धार लावलेल्या उलथन्याने. हात धुतले, चहा केला. तुमची बशी घेतली, कप तिच्यात ठेवला आणि कपाच्या शेजारी तो काळा तुकडा ठेवला. तुम्ही पूजा आटोपून खुर्चीत बसला होतात. मी बशी तुमच्या हातात दिली आणि निघून न जाता तिथेच उभी राहिले.

तुम्ही कप उचलायला गेलात आणि बोट तुकड्याला लागलं. तुम्ही तो चिमटीत धरून डोळ्यांजवळ नेलात, इतका जवळ की भुवईला टेकला. मग ओठांवरून फिरवून पाहिलात. तुमच्या ओठांना कळत होतं, बोटांना नाही, हे मला तेव्हा समजलं. "कुठं मिळाला?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, मागच्या कोपऱ्यात. पॅकिंगखाली. तुम्ही तो चिमटीत फिरवत राहिलात. बाहेरून मशिदीतल्या प्रवचनाचा आवाज येत होता. मला वाटलं आता चिडाल, कप भिरकावाल, मला पुन्हा बायकांच्या हातावरून बोलाल. मी तयारीत होते. तुम्ही म्हणालात, "लागलाच नाय गो बोटाला." एवढंच. एखाद्या पोराने सांगावं तसं. माझा आठवडाभराचा राग कुठल्या कुठे गेला, आणि त्याच्या जागी काय आलं ते मला आजही नीट सांगता येत नाही.

मग तुम्ही उठलात. काळा चष्मा काढून खिशात टाकलात, बहुधा आता लपवायचं काही उरलं नव्हतं म्हणून. अंगणात जाऊन पालथ्या पिंपावर बसलात आणि म्हणालात, "यल्ला, घे हातात. मी सांगतो." तुमचा मुलगा कुरकुरत टॅक्सी करून दुसरं पॅकिंग आणायला गेला. तोवर तुम्ही माझ्याकडून सगळं करून घेतलंत. इंजिनाच्या तोंडात फडकी कोंबायला लावलीत, खरवडलेलं आत पडू नये म्हणून. सगळी कड खरवडून घेतलीत आणि दर वेळी विचारलंत, बोट फिरवलंस? जास्त आवळल्याने झाकणाच्या भोकांभोवती उंचवटे आले होते, ते लाकडावर टेकवून हलक्या हाताने ठोकून बसवायला लावलेत. मधल्या बोल्टापासून सुरुवात, मग एक इकडचा, एक तिकडचा, आधी नुसत्या बोटांनी, मग पान्ह्याने थोडं थोडं. "आता पुरे," तुम्ही म्हणालात, आणि मी म्हटलं, अजून एक वेढा बसेल. "बसेल, पण नको. बसतंय म्हणून आवळायचं नसतं." तुम्ही डोळे मिटून बसला होतात. पान्ह्याच्या आवाजावरून तुम्हाला माझा हात कळत होता.

संध्याकाळी मंडळी जेवायला आली. मी वाढत होते. तुम्ही पहिल्या घासाआधी हात थांबवलात आणि मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "मागच्या शुक्रवारी मी हिला बोललो होतो. चूक तिची नव्हती. मी जागा साफ केली नव्हती, मला दिसलं नाय. तिनं शोधलं." मग जेवायला लागलात. तुमच्या मुलाने घास तसाच धरला होता, कारण "मला दिसलं नाय" हे तुमच्या तोंडून त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं. मामंजी, मला पुढे नोकरीत बढती मिळाली, लोकांनी माझं कौतुक केलं, मुलाने व्यासपीठावरून माझं नाव घेतलं. पण त्या शुक्रवारच्या त्या वाक्याने मी जेवढी उंच झाले तेवढी पुन्हा कधी झाले नाही. आमच्या पिढीच्या बायकांना विचारा, सासऱ्याने चारचौघांत आपली चूक कबूल केलेली कितीजणींनी ऐकली आहे. मी ऐकली आहे.

दुसऱ्या दिवशी पेपर स्वच्छ निघाला. तुम्ही तो घडी करून माझ्या हातात दिलात आणि आपण निघालो. वाटेत तुम्ही सांगितलंत, की साहेबाला आज सांगणार, ब्रेकला यापुढे हात लावणार नाही, आणि गेल्या काही दिवसांत केलेल्या गाड्या दुसऱ्याकडून तपासून घ्यायला सांगणार. मी मान हलवली, मग तुम्हाला ते दिसणार नाही हे लक्षात येऊन "हो" म्हटलं. सिग्नल लागला. मला एक विचारायचंच होतं. मी म्हटलं, "म्हणून मला गाडी शिकवलीत?" तुम्ही खिडकीकडे तोंड करून म्हणालात, "म्हणून पण." हिरवा दिवा लागला, मी गिअर टाकला. थोडं पुढे गेल्यावर तुम्ही उरलेलं सांगितलंत. "आणि तू घरात बसून कुढत होतीस, म्हणून पण."

लोक अजूनही मला सांगतात, तुझे सासरे काळाच्या पुढचे. मी त्यांना दुरुस्त करत नाही. तुम्हाला माझे डोळे हवे होते, खरं आहे. पण तुमची गरज संपली तरी रस्ता माझ्याकडेच राहिला, आणि गरजेपोटी दिलं म्हणून तुमचं देणं मला कधी कमी वाटलं नाही. कंपनीने तुम्हाला काही महिने स्टोअरमध्ये बसवलं. मग तुम्ही आपणहून राजीनामा दिलात आणि विमानाच्या शिडीवर कुणाचा हात न धरता चढलात. मी गॅलरीतून बघत पुटपुटत होते, पायरी, पायरी, आता दार. पुढे गावीच तुम्ही डोळे मिटलेत, तेव्हा मी इथेच होते. मला तुमच्या शेवटाला यायला मिळालं नाही. धार लावलेलं उलथनं मात्र तुम्ही जाताना माझ्या ओट्यावर ठेवून गेलात. घावन त्यावर चिरतं, तरी ते मी टाकलेलं नाही.

आता कालची गोष्ट. मी अजून गाडी चालवते. नातीला दुपारी क्लासला सोडते, बुदैयाच्या रस्त्याने, पुटपुटत. काल जेवायला बसलो. आमची सून बोलायला कमी, इंग्रजी शाळेत वाढलेली, मराठी समजतं पण उत्तर इंग्रजीत देते. तिने जेवता जेवता तोंडातून काहीतरी काढलं, ताटात न टाकता माझ्या ताटाच्या कडेला ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिली. निघून गेली नाही. बारीक खडा होता, डाळीतला. मी म्हटलं, हल्ली दुकानात काय वाट्टेल ते विकतात, आणि हसले. ती हसली नाही. नुसतं "ओके, आई" म्हणाली, आणि थोड्या वेळाने नातीला क्लासला स्वतःच घेऊन गेली.

तुम्हाला एका बशीवर जमलं ते मला ताटावर जमलं नाही. हा कागद कुठे पाठवायचा नाही, तेव्हा इथे तरी नीट लिहिते. मी दुकानाला दोष दिला तो खोटा. मी ती खिडकीपाशी, उन्हात, चष्मा लावून दोनदा निवडली होती. खडा मला दिसला नाही, मामंजी. गाडीची किल्ली अजून माझ्याच पर्समध्ये आहे. सून उठली की आधी तिच्या हातात ती देणार आहे.